कापडी छत की पत्र्याचे? कन्व्हर्टिबल घेऊ पाहणाऱ्या वाचकास उत्तर

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

छत उघडणारी गाडी घेण्याची इच्छा माझ्या मनात बऱ्याच वर्षांपासून आहे आणि आता ते जमेल अशी परिस्थिती आली आहे. वापरलेल्या गाड्यांपैकी दोन मी निवडल्या आहेत. त्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असल्या तरी दोन्ही दोन आसनी आहेत, दोन्ही सहा-सात वर्षे चाललेल्या आहेत आणि किंमतही जवळपास सारखीच आहे. एकीचे छत कापडी आहे. दुसरीचे पत्र्याचे असून बटण दाबल्यावर त्याची घडी होते आणि ते डिकीत जाते. घरात हीच एक गाडी असेल. कामावर जाता-येता रोज तासभर महामार्गावर जातो, आणि सुटीत पत्नीसह एखाद्या मुक्कामाच्या सहलीला निघण्याची आम्हा दोघांना आवड आहे. गाडी उघड्यावर, झाडाखाली उभी राहील. एकदा घेतली की आठ-दहा वर्षे ठेवण्याचा विचार आहे. माझे थोरले बंधू म्हणतात, ‘कापडाच्या छताची गाडी म्हणजे चाकांवरचा तंबू. उलटली तर डोक्यावर काही नाही, आणि चोराला एक ब्लेड पुरते.’ पत्नीला मात्र कापडी छताचीच गाडी आवडली आहे. कापडी छतावरून बसवता येणारे वेगळे कडक छतही मिळते असे ऐकले, तो मधला मार्ग ठरेल का? मी काय करावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात निर्णयाला लागणारी जवळजवळ सगळी माहिती आहे, त्यामुळे उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून मांडतो. आपण कापडी छताची गाडी घ्यावी, मात्र तिचे कापड, मागची काच आणि पावसाचे पाणी निघून जाण्याच्या वाटा नीट तपासून घ्यावी, आणि ती झाडाखाली उभी करणे पहिल्या दिवसापासून टाळावे. आपल्या बंधूंचे दोन्ही आक्षेप काळजीपोटी आलेले आहेत आणि त्यांतला एक बराचसा खराही आहे, म्हणून त्यांचाही विचार पुढे सविस्तर केला आहे.

या दोन प्रकारांची तुलना करताना बहुतेक जण छत मिटलेले, म्हणजे डोक्यावर बंद असताना गाडी कशी दिसते ते पाहतात. विक्रेत्याकडे उभी असलेली पत्र्याच्या छताची गाडी चारचौघा गाड्यांसारखी भक्कम दिसते आणि तिच्या शेजारी कापडी छत तात्पुरते वाटू लागते. परंतु आपण ही गाडी छत उघडण्यासाठी घेत आहात. तेव्हा उघडलेले छत कुठे जाते, किती जागा व्यापते, ते उघडायला किती वेळ लागतो आणि आणखी आठ वर्षांनी ते तितक्याच खात्रीने उघडेल का, हे प्रश्न मला बाह्य रूपापेक्षा फार महत्त्वाचे वाटतात, आणि आपल्या दोन गाड्यांमधला खरा फरकही तिथेच आहे.

सामानापासून सुरुवात करू. पत्र्याचे छत दोन किंवा तीन तुकड्यांचे असते. उघडताना हे तुकडे एकमेकांवर रचले जातात आणि मागच्या काचेसकट डिकीत जाऊन बसतात. त्यासाठी डिकीचे झाकण दोन्ही बाजूंनी उघडणारे करावे लागते, सामान ठेवण्यासाठी नेहमीसारखे मागून आणि छत आत घेण्यासाठी पुढून. पत्रा चुरगळत नाही, त्याची पातळ घडी होत नाही, त्यामुळे डिकीतली जागा जाते ती बरीच जाते. १९९६ साली आलेल्या पहिल्या मर्सिडीज एसएलकेच्या डिकीत छत मिटलेले असताना ३४८ लिटर जागा होती आणि छत आत घेतल्यावर १४५ लिटर उरत असे. बीएमडब्ल्यूने २००९ मध्ये पत्र्याच्या छताची झेड-४ आणली, तिचे हेच आकडे ३१० आणि १८० लिटर होते. २०१८ मध्ये त्याच नावाची पुढची पिढी कापडी छत घेऊन आली, आणि तिची डिकी छत उघडे असो की मिटलेले, २८१ लिटरच राहते. म्हणजे मिटलेल्या स्थितीत पत्र्याच्या छताची गाडी थोडी पुढे आणि उघड्या स्थितीत खूप मागे, असा हा हिशेब आहे. शिवाय जी जागा उरते ती घडी झालेल्या छताच्या खाली असते, आणि तिथे ठेवलेली बॅग काढण्यासाठी अनेक गाड्यांत छत पुन्हा वर उचलावे लागते. आपण मुक्कामाच्या सहलींचा उल्लेख केला आहे. दोघांच्या बॅगा डिकीत आहेत म्हणून सबंध रस्ता छत मिटूनच काटावा लागला, तर ज्या दिवसांसाठी गाडी घेतली तेच दिवस वाया गेले असे होईल. याला सन्माननीय अपवाद आहेत. माझदाने २००६ मध्ये एमएक्स-५ ला घडी होणारे कडक छत दिले ते आसनांमागच्या खाचेत बसवले आणि डिकीला हात लावला नाही. त्यामुळे आपण निवडलेल्या गाडीचे छत उघडून, आपल्या नेहमीच्या बॅगा प्रत्यक्ष डिकीत ठेवून पाहाव्यात. माहितीपत्रकातल्या लिटरच्या आकड्यापेक्षा या पाहणीवर अधिक विसंबावे, कारण जागेची उंची कमी पडली तर लिटर पुरेसे असूनही बॅग आत जात नाही.

यानंतर वजन. एमएक्स-५ च्या चौथ्या पिढीत कापडी आणि कडक अशी दोन्ही रूपे मिळतात आणि त्यांच्या वजनात सुमारे ४५ किलोंचा फरक आहे. हजार-अकराशे किलोंच्या गाडीत तो लहान म्हणता येणार नाही, कारण तो गाडीच्या सगळ्यात वरच्या भागात असतो आणि छत उघडल्यावर मागे सरकतो. वळणावर कापडी छताची हलकी गाडी अधिक तत्परतेने वळते. तरीही रोजच्या वापरात हा फरक निर्णायक ठरेल असे मला वाटत नाही आणि त्यावर अधिक लिहीत नाही.

उत्पादकांनी गेल्या काही वर्षांत काय केले ते पाहण्यासारखे आहे. घडी होणाऱ्या पत्र्याच्या छताची कल्पना जुनी आहे. प्यूजोने १९३४ मध्येच तशी गाडी विकायला काढली होती आणि फोर्डने १९५७ ते १९५९ या काळात स्कायलायनर नावाची अवाढव्य गाडी बनवली, जिच्या छतासाठी अनेक मोटरी, रिले आणि शेकडो फूट वायर लागत असे. पहिल्या एसएलकेनंतर मात्र हा प्रकार सर्वत्र पसरला आणि दहा-बारा वर्षे असे वाटत होते की कापडी छत हळूहळू नाहीसे होईल. झाले उलटेच. बीएमडब्ल्यूने २०२० च्या फोर सीरिज कन्व्हर्टिबलमध्ये पुन्हा कापड आणले आणि नवे छत आधीच्या पत्र्याच्या छतापेक्षा सुमारे ४० टक्के हलके असल्याचे जाहीर केले. उघड्या स्थितीतली डिकीही २२० वरून ३०० लिटरवर गेली. मर्सिडीजच्या एसएलने दोन पिढ्या पत्र्याचे छत वापरले आणि २०२१ मध्ये कापडाकडे परतताना २१ किलो वाचवले. हे परतणे केवळ ग्राहकाच्या सोयीसाठी झाले असे मी म्हणणार नाही, कारण वजन आणि गुंतागुंत कमी होण्यात कंपन्यांचाही लाभ आहे. पण कापडी छत तयार करण्याची कला या मधल्या काळात इतकी सुधारली की महागड्या गाडीच्या ग्राहकालाही ते देता आले, एवढा निष्कर्ष त्यातून नक्की काढता येतो.

आता वेळ. बीएमडब्ल्यू फोर सीरिजच्या वर सांगितलेल्या दोन पिढ्यांपैकी आधीच्या पत्र्याच्या छताला सुमारे २० सेकंद लागत आणि ते ताशी १८ किलोमीटर वेगापर्यंतच हलत असे. नव्या कापडी छताला १० सेकंद लागतात आणि ते ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालते. कागदावर हा दहा सेकंदांचा फरक क्षुल्लक दिसतो. वापरात तो तसा राहत नाही. अचानक पाऊस आला असताना वाहत्या रहदारीत जागा शोधून थांबावे लागणे आणि चालत्या गाडीत बटण दाबून मोकळे होणे यांत मोठे अंतर आहे, आणि ज्या छतासाठी थांबावे लागते ते छत माणूस हळूहळू उघडेनासा होतो. आपण निवडलेली कापडी छताची गाडी हाताने उघडण्याची असेल, तरी त्याला उणीव समजू नये. लहान दोन आसनी गाडीत चांगल्या रीतीने बांधलेले हाताचे छत बसल्या जागेवरून काही सेकंदांत मागे टाकता येते आणि त्यात बिघडण्यासारखे फार थोडे असते. पत्र्याच्या छताला घडी होताना वर आणि मागे मोकळी जागा लागते, ही बाबही लक्षात ठेवावी. कमी उंचीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा मागे भिंत असताना ते उघडता येईलच असे नाही.

आपल्या पत्रातला मला सर्वांत अवघड वाटलेला भाग म्हणजे रोजचा तासभर महामार्ग. इथे पत्र्याच्या छताची बाजू खरोखरच भक्कम आहे. समान दर्जाच्या दोन गाड्या घेतल्या तर वेगात पत्र्याखाली अधिक शांत असते, शेजारून जाणाऱ्या मालट्रकच्या चाकांचा आवाज कमी येतो आणि फोनवरचे बोलणे नीट ऐकू येते. चांगले कापडी छत एका थराचे नसते. बाहेर ॲक्रिलिक धाग्याचे विणलेले कापड, मध्ये रबराचा थर, आत आणखी एक कापड, आणि बऱ्याच गाड्यांत त्याखाली आवाज व उष्णता अडवणारी गादी आणि छताचे अस्तर अशी त्याची रचना असते. अशा छताखाली वाऱ्याचा आवाज बहुधा कापडातून येत नाही, तो खिडकीच्या काचेच्या कडेला असलेल्या रबरातून येतो, आणि ते रबर दोन्ही प्रकारांत म्हातारे होते. मात्र एका थराच्या विनाइल छताखाली रोज तासभर महामार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. तेव्हा दोन्ही गाड्या महामार्गाच्या वेगाने, काचा वर करून आणि रेडिओ बंद ठेवून चालवून पाहाव्यात, आणि शेजारी बंधूंना बसवावे. नेहमीच्या आवाजात दोघांचे बोलणे चालू शकले तर कापडी छत आपल्याला पुरेसे आहे. ते चालू शकले नाही, तर या पत्रातला माझा सल्ला आपण बदलून घ्यावा, कारण सहलीच्या दिवसांपेक्षा कामाचे दिवस कितीतरी अधिक असतात. पत्र्याच्या छताची शांतता कायमची आहे असेही गृहीत धरू नये. तुकड्यांच्या सांध्यांवरचे रबर कोरडे पडले की खडबडीत रस्त्यावर डोक्यावर कुरकुर सुरू होते, आणि एकदा ती ऐकू येऊ लागली की तिच्याकडे दुर्लक्ष करणे कठीण जाते.

बंधूंचा पहिला आक्षेप गाडी उलटण्याविषयी आहे आणि त्याबाबत त्यांचा गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. नेहमीच्या बंद गाडीत छत हा सांगाड्याचा भाग असतो, चारही खांबांना जोडलेला आणि भार पेलणारा. घडी होणारे पत्र्याचे छत तसे नसते. ते बिजागऱ्यांवर आणि लॅचवर टेकलेले असते, आणि गाडी उलटल्यास प्रवाशांना वाचवण्याचे मुख्य काम पुढच्या काचेची मजबूत पोलादी चौकट आणि आसनांमागच्या कमानी करतात. या दोन्ही गोष्टी कापडी छताच्या गाडीतही तशाच असतात, कारण छत उघडे असतानाही गाडी सुरक्षित राहावी अशीच तिची रचना करावी लागते. १९८९ च्या मर्सिडीज एसएलमध्ये तर गाडी उलटण्याच्या बेतात असल्याचे जाणवताच कमान आपोआप वर येण्याची सोय होती, आणि ती गाडी कापडी छताची होती. मिटलेले पत्र्याचे छत सांगाड्याला थोडा ताठरपणा देते आणि बाहेरची वस्तू अंगावर येण्यापासून काहीसा अधिक आडोसा देते, हे मान्य केले पाहिजे. पण ‘पत्रा आहे म्हणून गाडी उलटली तरी चालेल’ असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. आपण पाहत असलेल्या दोन्ही गाड्यांत आसनांमागे पक्क्या कमानी आहेत का, सीट बेल्ट सुस्थितीत आहेत का, पुढच्या काचेच्या चौकटीवर अपघातानंतरच्या दुरुस्तीच्या खुणा आहेत का, हे पाहावे. सुरक्षिततेचा निर्णय त्यावर होतो.

ब्लेडचा आक्षेप मात्र खरा आहे. कापड चिरता येते, आणि चोराने काहीही नेले नाही तरी छताचे नुकसान होऊन बसते. त्यावर उपाय एकच, की गाडीत दिसेल असे काहीही ठेवायचे नाही. फोनची वायर, पिशवी, जाकीट, काही नाही. मौल्यवान वस्तू डिकीत ठेवाव्यात आणि त्या पोहोचण्याआधीच तिथे ठेवलेल्या असाव्यात, गाडी उभी केल्यावर लोकांदेखत हलवू नयेत. विमा घेताना छत फाडले गेल्यास भरपाई कशी मिळते हे आधी विचारून घ्यावे. जिथे अशा चोऱ्या नित्याच्या आहेत अशा जागी आपल्याला रोज रात्री गाडी ठेवावी लागत असेल, तर तेवढ्या एका कारणासाठीही पत्र्याच्या छताची निवड समर्थनीय ठरते.

आता झाडाबद्दल, कारण आपल्या निवडीला सर्वांत मोठा धोका तिथे आहे. कापडी छताचे आयुष्य ते उन्हात किती राहते, ओले असताना कसे वागवले जाते आणि त्यावर काय साचते यावर ठरते. झाडाखाली सावली मिळते हे खरे, पण चीक गळतो, पक्ष्यांची विष्ठा पडते, पालापाचोळा विणीत अडकून कुजतो आणि ओल धरून शेवाळ व बुरशी येते. पत्र्यावर यांतले बरेचसे धुऊन जाते, कापडात ते मुरते. शिवाय बारीक पाने आणि माती छताच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये जाऊन बसतात. नळी तुंबली की पाणी आत पायांखाली किंवा आसनांमागे साचते आणि तिथल्या वायरिंगची व इलेक्ट्रॉनिक भागांची हानी होते. ‘कापडी छत गळते’ अशी जी तक्रार नेहमी ऐकू येते, तिच्यामागे अनेकदा कापड नसून ही तुंबलेली नळी असते, आणि तशा नळ्या पत्र्याच्या छताच्या गाडीतही असतात. म्हणून झाडापासून काही पावले दूर जागा मिळत असेल तर ती घ्यावी. नसेल तर हवा खेळू देणारे आच्छादन वापरावे आणि ते स्वच्छ व कोरड्या गाडीवरच घालावे, कारण ओल्या कापडावर टाकलेले आच्छादन बुरशीला मदत करते आणि धुळीवर टाकलेले आच्छादन रंग घासते.

रोजची देखभाल अवघड नाही. वाळलेली धूळ मऊ ब्रशने विणीच्या दिशेने झाडावी, अधूनमधून कापडी छतासाठीच्या सौम्य साबणाने धुवावे, पूर्ण वाळल्यावर पाणी न धरू देणारे द्रव्य फवारावे. जोराच्या फवाऱ्याने जवळून धुऊ नये, कारण त्याने शिवण आणि कापडाचे धागे सैल होतात. ब्लीच किंवा पेट्रोलसारखे द्रावण कापडाला लावू नये. ओल्या छताची घडी करून गाडी तशीच ठेवू नये; पावसात मिटलेले छत पूर्ण वाळल्यावरच उघडावे, आणि नाइलाजाने ओले असताना उघडलेच तर घरी येऊन पुन्हा ताणून वाळवावे. एवढे पाळले तर चांगले ॲक्रिलिक कापड दहा वर्षे सहज टिकू शकते. आपल्या गाडीची सहा-सात वर्षे होऊन गेलेली आहेत, तेव्हा ती आपल्याकडे असेल त्या मुदतीत एकदा कापड बदलावे लागेल हे आजच धरून चालावे. मला हा खर्च पत्र्याच्या छतापेक्षा अधिक सुसह्य वाटतो, कारण तो आधी दिसतो, एकदाच येतो, आणि कन्व्हर्टिबलच्या छतांचे काम जाणणारा कुशल कारागीर तो सांगाड्याला हात न लावता निभावू शकतो.

पत्र्याच्या छताचे म्हातारपण निराळे असते. पत्रा चांगलाच राहतो, थकते ती यंत्रणा. हायड्रॉलिक पंप, तेलाचे सिलिंडर, त्यांची सीले, प्रत्येक तुकडा जागेवर पोहोचला की नाही हे सांगणारे लहान स्विच, त्या सगळ्यांना जोडणाऱ्या आणि प्रत्येक वेळी वाकणाऱ्या वायरी, हे सर्व ठरलेल्या क्रमाने चालले तरच छत हलते. एका स्विचने चुकीची खबर दिली की छत जिथे आहे तिथेच थांबते, आणि अर्धवट उघडलेल्या, डिकीचे झाकण वर असलेल्या गाडीत पाऊस येत असताना उभे राहावे लागते. बॅटरी दुर्बल असली किंवा डिकीत सामान आणि छताची जागा वेगळी ठेवणारा पडदा खाली ओढलेला नसला तरीही छत नकार देते, तेव्हा प्रत्येक नकार म्हणजे बिघाड असे नाही. विजेवर चालणाऱ्या कापडी छतालाही पंप आणि स्विच असतात, म्हणून हा दोष फक्त एकाच प्रकाराचा आहे असे मी म्हणत नाही. पण कापडाचे वजन कमी असल्याने मोटरीवर भार कमी पडतो, भाग कमी असतात, आणि वेळ आल्यास दोन माणसे अनेक कापडी छते हाताने ओढून मिटवू शकतात. पत्र्याचे तीन तुकडे हाताने जागेवर आणणे हे पुस्तिका उघडून, संयमाने करण्याचे काम आहे. आठ-दहा वर्षे गाडी ठेवण्याचा आपला विचार माझ्या उत्तराला कापडाकडे झुकवतो तो याचमुळे.

वेगळ्या कडक छताचा आपला प्रश्न राहिला. हे छत कापडी छताची घडी करून त्यावर बसवायचे असते, ते चार-सहा ठिकाणी अडकवले जाते आणि आत जवळजवळ बंद गाडीसारखी शांतता मिळते. पावसाळा किंवा हिवाळा संपेपर्यंत कापड झाकलेले राहते हाही लाभ आहे. परंतु लहान गाडीचे असे छतसुद्धा वीस किलोंच्या आसपास असते, दोन माणसांशिवाय ते रंगाला ओरखडा न आणता चढवता-उतरवता येत नाही, आणि उतरवल्यावर ते ठेवण्यासाठी कोरडी, सुरक्षित जागा लागते. ते गाडीवर असेपर्यंत वाटेत कितीही सुंदर हवा लागली तरी छत उघडता येत नाही. आपली गाडी उघड्यावर असते, म्हणजे बंदिस्त जागा आपल्याकडे बहुधा नाही. त्यामुळे हा मार्ग आपल्यासाठी मला योग्य वाटत नाही.

गाडी पाहायला जाताना आदल्या दिवशी ती धुतलेली आणि वाळवलेली नसावी अशी विनंती विक्रेत्याला करावी, आणि शक्य असल्यास पावसानंतर जावे. कापडी छताच्या गाडीत आधी पायाखालचा गालिचा दाबून पाहावा, आसनांमागे हात घालावा, डिकीतल्या जादा चाकाच्या खोबणीत पाणी किंवा गंज आहे का ते बघावे आणि कुबट वासाकडे दुर्लक्ष करू नये. सुगंधी द्रव्याचा फार दरवळ असेल तर तो कशासाठी आहे याचा विचार करावा. मागची काच खरी काच असावी आणि तिला दव घालवणाऱ्या तारा असाव्यात. जुन्या गाड्यांत मागे प्लॅस्टिक असे, ते पिवळे पडते, त्यावर ओरखडे येतात आणि थंडीत घडी करताना ते तडकते. एमएक्स-५ ने १९९८ च्या दुसऱ्या पिढीपासूनच काच स्वीकारली, तेव्हा आपल्या वयोगटाच्या गाडीत काच मिळणे कठीण नाही. काच कापडाला जिथे चिकटवलेली असते त्या कडा बोटाने तपासाव्यात, कारण तिथले चिकटवणे सुटले तर अनेकदा सबंध कापड बदलावे लागते. घडीच्या जागी कापड पातळ झाले आहे का हे पाहण्यासाठी आत बसून छत मिटावे आणि बाहेरच्या उजेडाचे ठिपके दिसतात का ते पाहावे. पत्र्याच्या छताच्या गाडीत इंजिन चालू ठेवून छत सलग चार-पाच वेळा उघडावे आणि मिटावे. पहिल्या खेपेला ते बहुधा नीट चालते, थकलेला पंप किंवा गळका सिलिंडर नंतरच्या खेपांना उघड होतो. छताचे अस्तर आणि डिकीच्या कडा यांवर तेलाचे डाग आहेत का ते पाहावे, आणि छत मिटल्यावर तुकड्यांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का हे नजरेने मोजावे. फटी विषम असतील तर छत पूर्वी उतरवलेले किंवा आदळलेले असण्याची शक्यता असते. आणखी एक गोष्ट विचारायची राहू नये, ती म्हणजे ते छत पूर्ण उघडते का. काही आधुनिक गाड्यांत फक्त डोक्यावरचा भाग जातो आणि मागचे खांब जागेवर राहतात. दिसायला ते देखणे असते, पण वेगात मागून येणारा वारा काहींच्या कानाला त्रासदायक होतो, आणि आपल्या पत्नीलाही तो आवडतो का हे शेजारी बसूनच कळेल.

मी कापडी छत सुचवले ते आपण ते वारंवार उघडाल या विश्वासावर. आपल्याला रोजच्या प्रवासात एकदाही छत उघडावेसे वाटणार नाही, उघडायचे ते वर्षातून मोजक्या सहलींना, आणि त्याही हलक्या सामानाच्या, असे आपले आपल्याला ठाऊक असेल तर पत्र्याच्या छताची गाडी आपल्याला अधिक सुख देईल आणि तिच्या यंत्रणेवरही कमी ताण येईल. तशा वेळी महिन्यातून एकदा तरी छत उघडून मिटावे, सांध्यांचे रबर पुसून त्यावर कंपनीने सांगितलेले सिलिकॉनचे वंगण लावावे, आणि हाताने छत मिटण्याची पुस्तिकेतली पद्धत गाडी ताब्यात घेतानाच विक्रेत्याकडून प्रत्यक्ष करून पाहावी. दोन्हींपैकी एकाही गाडीच्या गालिच्याखाली ओल सापडली तर किंमत कमी करून देऊ केली तरी ती घेऊ नये. तसे झाल्यास मला पुन्हा लिहावे आणि त्या वेळी गाड्यांची नावे व वर्षेही कळवावीत.